मुंबईचा सूर्य आणि आमचा नरक

आई 'नरक' हा शब्द वर्षातून एकाच दिवशी उच्चारायची. बाकीचे दिवस तो बाबांच्या तोंडी असायचा आणि ते त्याचा वापर हात सैल सोडून करायचे. इंदुरात राजवाड्याजवळ स्कूटर अडकली की नरक. मे महिन्यातलं पेपर तपासणं म्हणजे नरक. कुणाच्या लग्नात आमटी पातळ निघाली तर तो नरकाचा पोटप्रकार. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला जागा नेमून द्यायची त्यांना सवय. जे नकाशात कुठेच बसत नसे ते ते तिकडे पाठवून देत. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, त्या शब्दाला पंचांगात एक दिवस दिलेला आहे, तेवढ्यात त्याचं भागतं, त्याला रोज घरात बोलावू नये.

आई जाऊन आता वर्ष उलटून गेलं. शोक करण्याची मला दुसरी रीत येत नाही, म्हणून मी तिचा एकेक शब्द घेऊन त्यावर सावकाश लिहीत बसते. आज या शब्दाची पाळी आहे. खरं तर हा शब्द तिचा म्हणावा इतका तिने वापरलाच नाही, पण गेल्या दिवाळीत आमच्या घरात जे घडलं ते याच शब्दामुळे घडलं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या जुन्या कोशात मी तो काढून पाहिला. पहिला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे तोच, पाप्यांनी मेल्यावर भोग भोगायची जागा. दुसरा अर्थ मैला, घाण. इंदुरात हा दुसराच अर्थ जास्त चालतो. स्वच्छतेचा आम्हा लोकांना इतका अभिमान, की कुणी केळ्याचं साल रस्त्यावर टाकलं तर मागून येणारा अनोळखी माणूस गाडी हळू करून म्हणतो, भिया, नरक मत मचाओ. टाकणारा गाडीवरून उतरतो, साल उचलतो. कोशातल्या पहिल्या अर्थाने हे काम इतक्या पटकन कधी केलं असेल असं मला वाटत नाही.

आई मात्र पहिल्या अर्थाची होती. ती कोकणातून लग्न होऊन इथे आली. बाबांचं घराणं संस्थानाच्या दफ्तरात कारकुनी करत इकडे आलेलं आणि काही पिढ्यांत पुरतं इंदुरी झालेलं. त्यांच्याकडे दिवाळीची पहिली आंघोळ सावकाश उठून, आधी पोहे खाऊन मग केली तरी चालत असे. आईने पहिल्याच दिवाळीत सासरच्या मंडळींना सांगितलं, की नरकचतुर्दशीला सूर्य उगवल्यावर जो आंघोळ करतो तो नरकात जातो. नवी सून अख्ख्या घराला नरकाची भीती घालते आहे हे आजोबांना फार आवडलं म्हणे. ते सगळ्यांच्या आधी उठून बसले. तेव्हापासून तो घरचा कायदाच झाला.

एरवी आई अतिशय मऊ बाई होती. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तिला लाज वाटे. पण त्या पहाटे ती ओळखू यायची नाही. अंगावरची पांघरुणं ओढायची, दिवे लावायची, आणि एकच वाक्य परत परत म्हणायची, "उठा, नरकात जायचंय का?" मग पाटावर बसवून तेल, उटणं, दोन तांबे कढत पाणी, मध्येच ओवाळणं. आंघोळ झाली की दारात ठेवलेलं कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. कारीट म्हणजे बोराएवढं कडू रानफळ, कोकणात त्याला नरकासुर समजून चिरडतात. इंदुरात ते बाजारात मिळत नाही. आईला ते मिळायचं काकीजींकडून.

काकीजी म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या. आमची आणि त्यांची घरं लालबागेच्या अलीकडच्या एका गल्लीत पाठीला पाठ लावून आहेत. मागच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीत एक लोखंडी फाटक, ज्याला कडी कधी नव्हतीच. काकीजी माळव्यातल्याच, माहेर सांवेरकडे. त्यांचा भाऊ दर दिवाळीआधी मोटरसायकलवर पोतंभर माल घेऊन यायचा आणि त्यात सोयाबीनच्या शेतात उगवलेली हीच रानफळं असायची. ते लोक त्यांना काचरी म्हणतात, उन्हात वाळवतात आणि लाल मिरची-लसूण घालून वाटतात. आईने पहिल्यांदा ते फळ पायाने फोडलं तेव्हा काकीजी फाटकात उभ्या होत्या. खायच्या वस्तूवर पाय दिलेला पाहून त्यांनी कानांना हात लावले. मग सगळी गोष्ट समजून घेतली आणि म्हणाल्या, "भाभी, तुम्हारे राक्षस की तो हम चटनी बनाते हैं." हे वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं चाललं. जेवताना ती चटणी वाढली की बाबा विचारायचे, नरकासुर आणखी आहे का?

काकीजींकडे त्या दिवसाचं नावच वेगळं होतं. आमची नरकचतुर्दशी ती त्यांची रूप चौदस. पहाट तीच, उटणंही जवळजवळ तेच, पण त्यांच्या मुली न्हायच्या त्या सुंदर दिसण्यासाठी. मला लहानपणी याचा हेवा वाटायचा. भिंतीपलीकडच्या मुलींना आंघोळ करून काहीतरी मिळत होतं, आम्ही नुसत्या सुटत होतो. मी एकदा आईला म्हटलं, आपण पण रूपासाठी न्हाऊ या. तिने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, आपल्यात तसं नसतं.

आता त्या सकाळचा क्रम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी धाकटा भाऊ, मग मी, मग बाबा, आणि शेवटी आई. सगळ्यांना तेल तिने लावायचं, पाणी तिने काढायचं, त्यामुळे तिचा नंबर शेवटचाच. सूर्योदय किती वाजता ते भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात छापलेलं असायचं. गल्लीत सूर्य दिसायची सोय नव्हती. पूर्वेला एक तिमजली घर आहे, त्याच्या टाकीमागून तो डोकावतो तेव्हा त्याला उगवून बराच वेळ झालेला असतो. म्हणून कॅलेंडर आणि बाबांचं मनगटी घड्याळ, यांच्यावर सगळा कारभार.

आणि बाबा मुद्दाम उशीर करायचे. पेपर वाचत बसायचे. आई तीनदा हाक मारायची. मग ते घड्याळ बघून शांतपणे सांगायचे, की अजून दहा मिनिटं मी पुण्यवान आहे. अगदी शेवटच्या घटकेला न्हाणीत शिरायचे, आत गाणं म्हणायचे, आणि त्यांच्या मागोमाग आई कशीबशी दोन तांबे अंगावर घेऊन, कॅलेंडरातला सूर्य उगवायच्या आत बाहेर यायची. केसांतून पाणी गळत असायचं, पण चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद. बाबा तिला घड्याळ दाखवून म्हणायचे, वाचलीस. दर वर्षी हेच. आम्हाला दिवाळी सुरू झाल्यासारखी वाटायची ती या भांडणानेच.

आई गेली ती उन्हाळ्याच्या शेवटी, थोडक्या आजाराने. त्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. नंतरचे महिने बाबा फारसे बोलत नव्हते. उशिरा उठायचे, दाढी राहून जायची, संध्याकाळी लालबागेपर्यंत फिरायला जायचे ते बंद झालं. मी ग्रंथालयातून प्रवासवर्णनं आणून द्यायचे, ती पंधरा दिवसांनी तशीच परत न्यायचे. आणखी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. गाडी अडकली, लाइट गेली, तुकोगंजच्या दवाखान्यात तीन तास बसवून ठेवलं, तरी ते 'नरक' म्हणत नव्हते. तो शब्द त्यांनी सोडूनच दिला होता. मला वाटलं, आईचा मान राखतायत.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका रविवारी मी स्वयंपाकघरातून आले तर ते भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला विचारलं, तुझ्या फोनमध्ये इंदूरचा सूर्योदय दिसतो का? मी काढून दिला. त्यांनी कॅलेंडरातली वेळ पाहिली, फोनमधली पाहिली, आणि फोन मला परत दिला.

"पाच-सात मिनिटं," ते म्हणाले. "मला मालूम होतं."

मग त्यांनी मला ते वर्गात समजावत तसं समजावलं. हे कॅलेंडर मुंबईचं. त्यातला सूर्य मुंबईचा. आपण मुंबईच्या पूर्वेला, म्हणून आपल्याकडे तो आधी उगवतो. थोडे उत्तरेला, म्हणून थंडीच्या दिवसांत जरा उशिरा. एकातून दुसरं वजा करा, पाच-सात मिनिटं तरी आपला सूर्य आधीच वर आलेला असतो. हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. रेखांश शिकवताना ते मुलांना हेच उदाहरण द्यायचे. आईला मात्र कधी सांगितलं नाही. ती गंमत त्यांनी राखून ठेवली होती. एखाद्या दिवाळीत, ती फार तोऱ्यात आली की सांगू, असं ठरवलं होतं. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी जास्त मजा येईल.

मी हसले. मला खरोखरच हसू आलं. पण ते हसत नव्हते.

"शेवटी कोण न्हायचं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"आणि तिला उशीर कोण करायचं?"

मी त्यांच्या मांडीवरचं कॅलेंडर उचलून परत खिळ्याला लावलं. मग म्हटलं, बाबा, तुम्ही तर नरकबिरक मानतच नाही.

"मी नाही मानत. पण ती मानत होती ना," ते म्हणाले. "मग तिचा हिशोब तिच्याच नियमाने व्हायला पाहिजे. माझ्या नियमाने कसा करणार?"

 मी पुस्तकातली बाई, म्हणून पुस्तकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात सण आणि व्रतांवरची होती नव्हती ती पुस्तकं काढली. कुठे लिहिलं होतं, चंद्रोदयाला न्हावं. कुठे, अरुणोदयाला. एका ठिकाणी असं सापडलं की उशीर झाला तरी स्नान गौण धरावं, म्हणजे पूर्ण फळ नाही पण अगदी वायाही नाही. मी ते उतरवून घरी नेलं आणि बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, गौण म्हणजे ग्रेस मार्क. तुझ्या आईने आयुष्यात ग्रेस मार्क घेतले नसते.

आमच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, हेतू शुद्ध असला की पुरे. बाबा म्हणाले, गुरुजी चांगले आहेत, पण हेतूवर मार्क मी कधी दिले नाहीत. पुण्याला भावाला फोन केला तर तो पोट धरून हसला. त्याचं म्हणणं, आईला नरकात टाकायची यमाची हिंमत नाही, टाकलंच तर ती तिथली सगळी मंडळी एव्हाना पहाटे उठवून न्हाऊ घालत असेल. मी हे बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, या वाक्यावर ते नक्की हसतील, कारण ते त्यांच्याच धाटणीचं होतं. ते थोडं हसले आणि उठून मागच्या अंगणात जाऊन बसले. तीस-चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढलेला माणूस, त्याला स्वतःची चूक सापडली होती आणि ती दुरुस्त करून दाखवायला समोर कुणी नव्हतं. जेवण कमी झालं. मी रात्री पाणी ठेवायला गेले तर ते जागेच असायचे.

धनतेरसच्या दुपारी काकीजी फाटकातून आल्या. शोकाच्या घरात कढई चढत नाही, म्हणून त्यांनी झाकलेल्या परातीत शेव, मठरी, चकल्या असं सगळं आणलं होतं. चकल्या त्यांना आईने शिकवल्या होत्या आणि त्या अजूनही त्यांच्या तुटतात. त्यांनी परात ओट्यावर ठेवली, बाबांना नमस्कार केला, आणि जरा पदर सारखा करून खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी चहा ठेवला. त्या बाबांना मास्साब म्हणतात, आणि चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांच्याशी थेट असं बोलणं फार थोडं झालेलं. जे काही बोलायचं ते आईमार्फत.

आज बाबांनीच सुरुवात केली. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे रूप चौदसचं न्हाणं किती वाजायच्या आत करायचं असतं, आणि वेळ कुठून बघतात?

काकीजींना प्रश्नच कळला नाही. वेळ कसली बघायची, त्या म्हणाल्या, अंधारातच न्हायचं. त्यांची सासू म्हणायची, उजेड पडला की रूप धुऊन जातं. मग मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. कॅलेंडर, मुंबई, पाच-सात मिनिटं, आई शेवटी न्हायची ते. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

काकीजींनी सगळं ऐकलं आणि दूध आल्याची वर्दी द्यावी इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "पर भाभी तो सबसे पहले नहा लेती थी."

बाबांनी मान वळवली. "कौन?"

"भाभी. और कौन? मेरे साथ, मेरे आँगन में. आप सब तो सोए पड़े रहते थे."

मी गॅस बंद केला. काकीजींना आता कळलं, की हे आम्हाला दोघांनाही माहीत नाही. त्या थोड्या गडबडल्या, पण सांगायला लागल्यावर त्यांनाच मजा येऊ लागली. त्या नव्या लग्न होऊन आल्या होत्या त्या वर्षीची गोष्ट, आईचीही या घरातली ती पहिलीच दिवाळी. रूप चौदसच्या पहाटे एकट्याच उटणं लावत बसल्या होत्या आणि पाठीपर्यंत हात पोचत नव्हता. आई पाणी तापवायला मागे आली होती. ती फाटकातून आली आणि न बोलता त्यांच्या पाठीला उटणं चोळू लागली. मग काकीजींनी म्हटलं, आता तुम्ही बसा. आई आधी नको म्हणाली, मग बसली. त्यानंतर दर वर्षी. हळद, बेसन, थोडी साय, संत्र्याच्या सालीची पूड. आई घरून बंबातलं गरम पाणी न्यायची. दोघी एकमेकींची पाठ चोळायच्या, अंधारात हळू आवाजात बोलायच्या, हसायच्या, आणि मग आई केस कोरडे करून, पदर घेऊन घरी यायची आणि आम्हाला नरकाची भीती घालायला सुरुवात करायची.

बाबांनी शिक्षकाचा प्रश्न विचारला. मग परत शेवटी कशाला न्हायची?

ते तुमच्यासाठी होतं, काकीजी म्हणाल्या. मुलं म्हटली असती, आई स्वतः तर न्हालीच नाही, आम्हालाच उठवते. दोन तांबे अंगावर घेतले, केस ओले केले, झालं. आई त्यांना सांगायची, की पहिली आंघोळ माझी आणि दुसरी घराची.

"आणि मला का नाही सांगितलं?" बाबांनी मराठीत विचारलं. काकीजींना मराठी सगळं समजतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसल्या. "आपको बताती? आप पूरे मोहल्ले में बोलते फिरते कि मैडम को इस उमर में रूप चाहिए."

बाबांनी जरा विचार केला. हे नाकारण्यासारखं नव्हतं. "बोललो असतो," ते म्हणाले.

मी चहाचे कप घेऊन आले आणि सरळ खाली जमिनीवर बसले.  आईच्या बाबतीत मला आता नवं काही कळायचं नाही असं गेले काही महिने मी धरून चालले होते. आपल्यात तसं नसतं म्हणणारी ही बाई भिंतीपलीकडे जाऊन पाठ चोळून घेत होती.

बाबांची उलटतपासणी मात्र संपली नव्हती. त्यांनी विचारलं, एकही वर्ष चुकलं नाही? काकीजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एका वर्षी मोठ्या मुलीच्या बाळंतपणासाठी त्या स्वतः माहेरी होत्या. त्या वर्षीचं त्यांना सांगता येणार नाही.

म्हणजे एक वर्ष राहिलं, मी मनात म्हटलं. आता हे त्यावर अडून बसणार. बाबा चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "एक वर्षाचं काय. माझ्याबरोबर इतकी काढली, तिथलं एक काढेल."

काकीजी आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांच्या बशीत चहा सांडला. आईच्या मागे आमच्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. मीही हसले. बाबा गंभीर चेहऱ्याने बसले होते, पण ती त्यांची विनोद केल्यानंतरची गंभीरता होती, आणि ती मला ओळखता येते.

काकीजी उठल्या. परात रिकामी करून द्यायला मी डबे काढत होते. बाबा त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले, हेही पूर्वी कधी झालं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ऐकू येत होतं. त्यांनी अगदी अवघडून, हिंदीत विचारलं, की मग रूप यायचं का?

"आपने देखा नी कभी?" काकीजी म्हणाल्या.

बाबांनी फाटकाच्या गजावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दिखता था. हर साल दिखता था. मुझे लगा, दिवाली की साड़ी है."

काकीजींनी फाटक ओढून घेतलं. बाबा तिथेच उभे राहिले, भिंतीवर हात ठेवून. मी बाहेर गेले नाही.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे आकाशकंदील नव्हता, रांगोळी नव्हती, वर्षाच्या आत सण करायचा नसतो म्हणून. पण पहाटे मला न्हाणीतला आवाज आला. बाहेर मिट्ट काळोख होता. बाबा आंघोळ करून, स्वच्छ दाढी करून बाहेर आले आणि मला म्हणाले, सण नाही, पण आंघोळीला काय हरकत आहे, ऊठ. जन्मात पहिल्यांदा ते त्या दिवशी वेळेवर न्हाले. इंदूरच्या वेळेवर. पोहे आणायला म्हणून ते स्वतःच बाहेर पडले आणि लालबागेपर्यंत चक्कर मारून आले.

त्यानंतरची गोष्ट थोडीच आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक नवी इमारत झाली आहे, तिच्यात पुण्या-नागपूरकडून नोकरीला आलेली दोन-तीन मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरीही आपापल्या तिकडची कॅलेंडरं. त्यातली पुण्याची एक मुलगी, कंपनीत इंजिनियर, संकष्टीचा उपवास करते आणि छापलेल्या चंद्रोदयाला सोडते. बाबांना हे भाजीच्या गाडीपाशी कळलं. त्यांनी तिला तिथेच उभं करून रेखांश शिकवला. तिने विचारलं, काका, मग माझ्या आधीच्या सगळ्या संकष्ट्यांचं काय? बाबा म्हणाले, तू जास्त वेळ उपाशी राहिलीस, तुझं जमेलाच आहे. आणि शेजारी उभ्या नागपूरकरणीला सांगितलं, की तुमच्या कॅलेंडरचं उलटं आहे, तुम्ही लवकर जेवत होतात, तुम्ही जरा बघा.

आता दर संकष्टीला त्यांच्या फोनवर दोघी-तिघींचे निरोप येतात, काका, आज आपला चंद्र किती वाजता? ते वेळ कळवतात. पण छापील वेळेवर त्यांचा विश्वास उरलेला नाही, फोनमधल्यावरही पुरता नाही. म्हणून स्वतः गच्चीवर जातात, मफलर गुंडाळून, पूर्वेच्या त्या टाकीच्या बाजूला सरकून उभे राहतात. चंद्र दिसला की खाली वाकून "निघाला" म्हणतात, आणि त्या नव्या इमारतीत ताटं मांडल्याचा आवाज येतो.